आकडीच्या वरून गेलेली तार

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मृत्युपत्र लिहून ठेवणार: रखमाजी बिरू कोळपे, वय चौऱ्याहत्तर, धंदा केबल टीव्ही, शिक्षण चौथी पास व पाचवीत दोन महिने, राहणार मौजे खडकमळा, तालुका दौंड, जिल्हा पुणे.

हे मी माझ्या हाताने, माझ्या ओसरीत बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. तसा यवतच्या डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी मला वार विचारला, तो मी बरोबर सांगितला, आणि तुमच्या पाटीमागची वायर सोलली आहे हेही सांगितले. ते म्हणाले, "आबा, तुमचं डोकं माझ्यापेक्षा जाग्यावर हाय." हे वाक्य दाखल्यात घाला असे मी म्हणालो, त्यांनी घातले नाही. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही, रडून गळ घातलेली नाही. यातले कायद्याचे शब्द दौंडच्या वकीलसाहेबांचे, बाकीचे माझे. त्यांनी बरेच खोडायला सांगितले होते. मी थोडे खोडले.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. एक मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी आणि एक एस.टी.ने तुळजापूरला जाण्याच्या आधी. दोन्ही वेळा मी परत आलो. ती दोन्ही रद्द समजावीत.

कलम १. मला पत्नी म्हाळसा, एकच मुलगा विक्रम (रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला) आणि सून प्रतिभा. आणखी कोणी वारस म्हणून उभा राहिला तर तो खोटा समजावा. असे लिहिण्याची गरज नाही असे वकीलसाहेब म्हणाले. असू द्यावे.

कलम २. राहते घर म्हाळसा आहे तोवर म्हाळसाचे, तिच्यामागे विक्रमचे. स्वयंपाकघराच्या पत्र्यावर सात दगड आहेत. ते कोणी शोभेला काढू नयेत. वैशाखात वावटळ येते तेव्हा कळेल.

कलम ३. ओढ्याकडची बत्तीस गुंठे जमीन विक्रमला. तिच्या बांधावरचा लिंब आमचा की शेजारी शंकरराव ताकवणे यांचा, हा वाद मी चाळीस वर्षे सांभाळला. जमीन विक्रमला दिली, वाद दिलेला नाही. लिंबाची सावली दोन्हीकडे पडते.

कलम ४. आता केबलचा धंदा. यात माझी कंट्रोल रूम (म्हणजे जुना गोठा), सगळी मशिने, घराघरांत दिलेले बॉक्स, माझे स्वतःचे एकशे बावीस खांब, त्यांवरची तार, खडकमळ्याचे लोकल चॅनल आणि पूल ओलांडून भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात गेलेल्या तीन वस्त्यांची लाईन, एवढे सगळे आले. हा धंदा माझ्या स्वकष्टाचा आहे, वडिलोपार्जित नाही. म्हणून तो कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा हक्क मला एकट्याला आहे. वकीलसाहेबांनी हे वाक्य दोनदा वाचून दाखवले, म्हणून मी निर्धास्त आहे, म्हणजे जवळजवळ.

हा संपूर्ण धंदा मी माझी सून सौ. प्रतिभा विक्रम कोळपे हिला एकटीला देत आहे. तिने तो चालवावा, वाढवावा, विकायचा तर तिने विकावा. दुसऱ्या कोणी त्यावर सही करू नये.

मुलगा असताना सुनेला का, असे भावकी विचारणार. म्हातारा चळला होता असेही म्हणणार. मला सध्या झोप लागत नाही ती याच एका गोष्टीने. मी गेल्यावर कागद मोडला आणि लाईन विकली गेली, तर तीस वर्षे उभे केलेले सगळे वाया जाईल. म्हणून कारण सविस्तर लिहितो.

माझे वडील मेंढरे राखत. त्यांच्याकडून मला एकच वस्तू मिळाली, ती म्हणजे आकडी. आठ हात लांब बांबू आणि टोकाला लोखंडाचे वाकडे पाते. तिने बाभळीची फांदी खाली ओढून मेंढरांना पाला घालायचा. १९९४ साली मी मेंढरे विकली आणि दौंडहून डिशची छत्री व टीव्हीची मशिने आणली. तार ओढायला घेतली तेव्हा माझ्या मनात पहिली भीती आली ती उसाच्या ट्रॉलीची. आमच्याकडे ऊस किती उंच भरतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. दोन ट्रॉल्या मागेपुढे, वर वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे डोलतात, आणि ड्रायव्हरला वरचे काही दिसत नाही. म्हणून मी नियम केला. जिथे जिथे तार रस्ता ओलांडते तिथे खाली उभे राहायचे, आकडीचा बुडखा धरून हात डोक्यावर ताणायचा आणि आकडी उभी करायची. टोक तारेला लागले तर तार खाली आहे, पुन्हा चढवायची.

या नियमाला गाव हसले. माझे खांब लोकांच्या खांबांपेक्षा उंच, तार जास्त, खर्च जास्त. म्हाळसासुद्धा म्हणायची, "तुमची तार आभाळात आन् जीव टांगणीला." पण तीस हंगाम गेले, उसाने माझी एक तार तोडली नाही.

मग धंद्याला वाईट दिवस आले. आधी घरोघर डिश बसल्या. मग सरकारने बॉक्स सक्तीचे केले. मग चॅनलांची पॅकेजे आली, ती मलाच समजेनात तर गिऱ्हाइकाला काय समजावणार. मग पोरे मोबाइलवर बघू लागली. तरी मी तगून होतो. सहाशे बारा कनेक्शन होती. दोन वर्षांपूर्वी पुण्याची एक मोठी कंपनी आली. तिचे नाव लिहू नका असे वकीलसाहेब म्हणाले. तिने बॉक्स फुकट, सहा महिने इंटरनेट फुकट, असे फलक लावले. शंकररावांनी तिला आपली गच्ची दिली आणि पारावर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "रखमाजी, मेंढरं सोडून तारा राखल्यास. आता गुंडाळ की."

मला वेळेवर उत्तर सुचत नाही. ते मी कलम ९ मध्ये दिले होते, पण त्याचे पुढे वेगळेच झाले.

श्रावणापासून भाद्रपदापर्यंत माझी कनेक्शन सहाशे बारावरून सत्तावन्नवर आली. त्या सत्तावन्नात एक शंकररावांच्याच घरातले होते. त्यांच्या मातोश्री ताईबाई नव्वदीच्या आहेत, खाटेवरून उठत नाहीत. कंपनीची माणसे त्यांच्या खोलीतला माझा बॉक्स काढायला गेली तेव्हा त्यांनी काठी उगारली. शंकरराव समजावू लागले, "आई, नव्यात दोनशे चॅनल हायती."

"मला एकच लागतंय. रखमाजीच्या चॅनलावर खाली पट्टी येती. कोण गेलं, कुणाचा दहावा कवा, म्हस कुणाची हरवली, बिबट्या कुठल्या उसात दिसला. तुझ्या डब्यात अमेरिकेत मेलेली दिसत्यात. गावातलं कोण गेलं त्ये सांगतंय का?"

"तुला काय करायचंय कोण गेलं ते?"

"रोज बघती, माझं नाव हाय का. न्हाई म्हणल्यावर च्या घेती."

ती पट्टी मीच टाईप करतो. मला वाटणाऱ्या काळज्या मी तिच्यात घालतो, त्यामुळे ती कधी रिकामी राहिली नाही.

पुढे विक्रम रविवारी कंपनीच्या साहेबाला घरी घेऊन आला. कागद तयार होता. लाईन त्यांनी घ्यायची आणि मला महिन्याच्या पगारावर ठेवायचे. माझ्या कामाचे नाव त्यात होते कलेक्शन बॉय. त्र्याहत्तराव्या वर्षी बॉय. विक्रम म्हणाला, "आबा, आता केबल कोण बघतंय? सही करा आन् मोकळं व्हा." त्याचे चूक नव्हते. तो माझ्यासाठीच म्हणत होता. मी पेन हातात घेतले. मग भीती वाटून खाली ठेवले. मग न करण्याची भीती वाटली म्हणून पुन्हा घेतले.

तेव्हा प्रतिभा बाहेरून आली. ती मला मामा म्हणते. बारावी शास्त्र शाखा शिकली आहे आणि लग्नाआधी यवतला मोबाइलच्या दुकानात काम करत होती. तिच्या हातात आकडी होती. म्हणाली, "मामा, यांची तार आकडीला लागती. डेअरीपाशी तर आकडी तिरपी धरावी लागली, इतकी खाली हाय."

साहेब हसला. "मॅडम, आमच्या इंजिनिअरनी मोजून लावली आहे."

"कवा मोजली?"

"ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टात रस्त्यावर ऊस नसतोय, साहेब." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, कारखान्यात मोळी पडू द्या. मग सही करायची तर करा. मला एक मोळी द्या."

आमच्याकडे हंगाम सुरू होताना गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकतात. आमचे सगळे वायदे मोळीवरच असतात, त्यामुळे साहेबाला नाही म्हणता आले नाही. मीही सुटलो.

मधल्या दिवसांत प्रतिभाने स्वतःच्या पाटल्या मोडून फायबर जोडायचे मशीन आणले, दौंडहून इंटरनेटची लाईन घेतली आणि माझ्याच उंच खांबांवरून फायबर ओढले. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. आकडी धरताना पायाखाली वीट घेते. एक वीट हातात घेऊन खांबाखांबाला फिरणारी सून सगळ्या गावाने पाहिली. शंकरराव म्हणाले, "कोळप्याच्या घरात बांधकाम निघालं काय?"

इथे एक गोष्ट शपथेवर लिहितो. कंपनीची तार खाली आहे हे सांगायला मी स्वतः तीनदा शंकररावांकडे गेलो. मला हसू नका, पण मला त्यांच्या तारेचीसुद्धा काळजी वाटत होती. रस्ता शाळेचा आहे. त्यांना वाटले मी जळतो आहे.

मोळी पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बिरोबाच्या देवळापासून निघाला. वाढ्यात तार अडकली. ड्रायव्हर गाणी लावून बसला होता. दूध डेअरीपर्यंत त्याला कळले नाही. तोवर कंपनीच्या अकरा खांबांवरची तार सोलून आली होती, आणि शेवटी शंकररावांच्या गच्चीवरची पेटी खाली येऊन हौदात पडली. कोणाला इजा झाली नाही. त्यांच्या तारेच्या वर चार हातांवर माझी तार होती. ती हललीसुद्धा नाही.

शंकररावांनी पारावर बसून कंपनीला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून सगळ्यांनी ऐकले.

"सर, आपके एरिया में सब नॉर्मल दिखा रहा है."

"अहो, नॉर्मल कशाचं? पेटी हौदात हाय!"

"सर, कोई लैंडमार्क बताइए."

"बिरोबाचं देऊळ!"

"सर, इस नाम का मॉल नहीं आ रहा."

पार हसला. मीही हसलो, पण तोंडावर उपरणे धरून.

कंपनीची माणसे सहा दिवस आली नाहीत. त्या सहा दिवसांत शंकररावांच्या वाड्यात एकच टीव्ही चालू होता, ताईबाईंच्या खोलीतला. घरची, शेजारची, सगळी तिथे गोळा झाली. शेवटी शंकररावही आले आणि खाटेच्या पायथ्याशी बसू लागले, तेव्हा ताईबाई म्हणाल्या, "पाय धुऊन ये. रखमाजीचं चॅनल हाय."

प्रतिभाने काय केले तेही लिहितो. पहिल्या दिवशी तिने एकही कनेक्शन जोडले नाही. शाळेच्या रस्त्यावर कंपनीची तुटकी तार लोंबत होती. ती तिने आकडीने उचलून वर बांधली, उरलेली गोळा करून भेंडोळे केले, आणि मग संध्याकाळी लोकांची नावे लिहून घ्यायला बसली. मी म्हणालो, "अगं, आधी गिऱ्हाईक बघ." ती म्हणाली, "पोरं शाळेतनं सुटायची हुती, मामा." त्या क्षणी मी ठरवले की लाईन हिची. अशी काळजी शिकवून येत नाही. मला वाटत होते ती एकट्या मलाच आहे.

आज आमची सातशे चौतीस कनेक्शन आहेत, टीव्ही आणि इंटरनेट मिळून. कंपनीने गेल्या उन्हाळ्यात खडकमळ्यातून गाशा गुंडाळला. जाताना तो साहेब प्रतिभाला नोकरी देऊ करून गेला. ती म्हणाली, "कलेक्शन गर्ल का?" मला असे वेळेवर सुचले असते तर माझे आयुष्य वेगळे झाले असते.

विक्रमबद्दल कोणी वाकडे बोलू नये. हे कलम मी त्याला आधी वाचून दाखवले. त्याने ते स्वतः पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाला, "आबा, तिलाच द्या. माझ्या नावावर केली तर मी एक दिवस विकीन. मला माझं म्हाईत हाय." एवढे खरे बोलणारा मुलगा मला आहे, हीसुद्धा मिळकतच समजावी.

कलम ५. म्हाळसाच्या पाटल्या प्रतिभाला द्याव्यात असे मी लिहिले होते. म्हाळसाने ते वाचले. "माझ्या पाटल्या वाटणारं तुम्ही कोण? मी मेली का?" वकीलसाहेबही म्हणाले की ते स्त्रीधन आहे. म्हणून कलम खोडले. त्याच संध्याकाळी म्हाळसाने स्वतःच पाटल्या काढून प्रतिभाच्या हातात घातल्या. कलमाचे काम झाले.

कलम ६. आकडी प्रतिभाला. आकडीचा बांबू ओल्या हाताने धरू नये. विजेच्या तारेजवळ नेऊ नये. पाते दर दिवाळीला तेलाने पुसावे. मोळीच्या आधी आठ दिवस प्रत्येक रस्त्यावर आकडी उभी करावी, मागच्या वर्षी तार बरोबर होती असे म्हणून सोडू नये. तारा झोळ धरतात. वीटही तिचीच.

कलम ७. माझी काळजी करण्याची सवय निम्मी विक्रमला द्यावी अशी इच्छा होती. सवय मृत्युपत्राने देता येत नाही असे वकीलसाहेब म्हणाले. तरी त्याने प्रयत्न करावा.

कलम ८. माझ्या निधनाची पट्टी मी टाईप करून ठेवली आहे. फक्त वार आणि वेळ भरावी. त्या दिवशी चॅनल बंद ठेवू नये, लोकांना पाण्याची पाळी कळली पाहिजे. ताईबाई तेव्हा असल्या तर त्यांना आधी कोणीतरी जाऊन तोंडी सांगावे आणि चहा पाजावा. एकदम पट्टीवर दाखवू नये.

कलम ९. ~~कंपनीच्या तुटलेल्या तारेचे भेंडोळे माझ्या ओसरीत खुंटीला आहे. घेऊन जा म्हणून कंपनीला दोन पत्रे लिहिली, उत्तर नाही. ते माझ्यामागे श्री. शंकरराव ताकवणे यांना हलगी लावून, वाजतगाजत नेऊन द्यावे.~~

हे कलम आज खोडले. त्याचा खुलासा असा. साक्षीदार असा पाहिजे की ज्याचे म्हणणे गाव मानेल. मी पुष्कळ विचार केला. माझे मित्र माझ्या बाजूने बोलतील, त्यांचे कोण ऐकणार? गावात एकच माणूस असा आहे की तो माझ्या बाजूने खोटे बोलणार नाही, याबद्दल कोणालाही शंका नाही. म्हणून मी आज सकाळी शंकररावांकडे गेलो आणि सही मागितली.

ते म्हणाले, "माझ्याबद्दल काय लिवलंय?"

"हाय ते लिवलंय."

"मग वाचल्याबिगर सही न्हाई."

वाचायची गरज नसते, पण त्यांनी माझ्या ओसरीत बसून पहिल्यापासून वाचले. म्हाळसाने चहा दिला. लिंबापाशी ते थांबले. पारापाशी थांबले, खाकरले. मग म्हणाले, "समदं बरोबर हाय. पर अकरा खांब न्हाई. नऊ."

"अकरा."

"नऊ. मी गच्चीवरनं बघितलं हुतं."

प्रतिभा म्हणाली, "भांडता कशाला? चला मोजू." कंपनी गेली तरी तिचे खांब उभेच आहेत, म्हणून आम्ही दोघे म्हातारे देवळापासून डेअरीपर्यंत चालत गेलो. शंकरराव प्रत्येक खांबाला काठी लावून मोठ्याने आकडा म्हणत होते. पाचव्या खांबापर्यंत निम्मे गाव मागे आले. नवव्याला ते थांबले आणि पुढे पाहिले. मग दहाव्याकडे चालू लागले.

परत आल्यावर, ज्याला काही द्यायचे आहे त्याला साक्षीला घेऊ नये, असे वकीलसाहेबांनी फोनवर सांगितले. म्हणजे भेंडोळे द्यायचे की सही घ्यायची, यातले एकच. मी सव्वा वर्ष ते भेंडोळे जपले होते. शंकरराव ओसरीच्या पायरीवर उभे राहून पाय धूत होते. मी कलम खोडले. भेंडोळ्यावर म्हाळसा दोडक्याचा वेल चढवणार आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, समजला, आणि तो माझा आहे. माझ्या मागे यावर भांडू नये. भांडायचेच तर साक्षीदार क्रमांक एक यांच्याशी भांडावे.

ठिकाण: मौजे खडकमळा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६, गुरुवार

लिहून ठेवणार
(सही) रखमाजी बिरू कोळपे

आम्हा दोघांच्या समोर श्री. कोळपे यांनी सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली. त्या वेळी ते शुद्धीवर होते व आमच्या पेनला टोपण नीट लागले की नाही हे विचारत होते.

साक्षीदार २: (सही) मच्छिंद्र बाबुराव दिवेकर, रेल्वेतून निवृत्त, राहणार दौंड

साक्षीदार १: (सही) शंकरराव भिकाजी ताकवणे, राहणार खडकमळा. खांब अकराच आहेत. मी मोजले.